थंडी आणि ऑक्सिजनचा अभाव: यीस्टच्या जनुकांचे दोन प्रतिसाद वेगळे कसे ओळखावेत

सांगली जिल्ह्यातील पलूस-तासगाव पट्ट्यात द्राक्षापासून पांढरी वाइन करताना रस बंद टाकीत, साधारण 12 ते 16 अंश सेल्सिअसला आंबवला जातो. त्याच जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या आसवन्यांमध्ये मात्र मळीचे किण्वन 30 अंशांच्या आसपास चालते. दोन्हीकडे काम करणारा जीव बहुधा एकच, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी हे यीस्ट. पण वाइनच्या टाकीतल्या पेशीला थंडी आणि ऑक्सिजनचा अभाव ही दोन संकटे एकत्र सोसावी लागतात, तर आसवनीतल्या पेशीला प्रामुख्याने ऑक्सिजनचा अभावच. म्हणूनच सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांतील सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी हा विषय घेतला, तर तो आपल्या परिसराचाच प्रश्न हाती घेत असतो.

या प्रकल्पाची नेहमीची मांडणी अशी असते की एक फ्लास्क शेकरवर 30 अंशांना हलता ठेवायचा, दुसरा घट्ट बूच लावून फ्रिजमध्ये ठेवायचा आणि दोन्हींत कोणती जनुके किती चालू आहेत याची तुलना करायची. या मांडणीतून काहीही निष्पन्न होत नाही. तापमान, ऑक्सिजन, हलवणे आणि वाढीचा वेग अशा चार गोष्टी एकाच वेळी बदललेल्या असतात आणि दिसलेल्या फरकाचे श्रेय त्यांपैकी कोणाला द्यावे हे ठरवता येत नाही. पुढील विवेचन या चार गोष्टी एकमेकींपासून सोडवण्याविषयी आहे.

पेशीला काय जाणवते, हे आधी समजून घ्यावे

ऑक्सिजन नाही, ही गोष्ट यीस्टला बहुतांशी आडवाटेने कळते. ऑक्सिजनशिवाय जे पदार्थ पेशीला तयारच करता येत नाहीत, ते कमी पडू लागले की जनुकांना सूचना मिळते. असे तीन पदार्थ महत्त्वाचे आहेत. पहिला हीम, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिनमध्येही असणारा लोहयुक्त रेणू. त्याच्या निर्मितीतील एका टप्प्याला, म्हणजे हेम13 या जनुकाच्या एन्झाइमला, ऑक्सिजनचा रेणू लागतो. हीम भरपूर असताना हॅप1 हे प्रथिन रॉक्स1 या दमनकारी प्रथिनाचे जनुक चालू ठेवते आणि रॉक्स1 हे विनाऑक्सिजन अवस्थेत लागणाऱ्या जनुकांना दाबून धरते. हीम घटले की रॉक्स1 घटते आणि दाबलेली जनुके मोकळी होतात. हेम13 स्वतः, एएनबी1, आणि श्वसनसाखळीतील कॉक्स5ए या घटकाचा पर्याय असलेले कॉक्स5बी ही त्यांतली ठळक उदाहरणे होत.

दुसरा पदार्थ एर्गोस्टेरॉल, म्हणजे यीस्टच्या पेशीपटलातील स्टेरॉल. याचा एक रेणू घडवण्यासाठी ऑक्सिजनचे बारा रेणू खर्च होतात, त्यामुळे हवा तुटली की त्याची निर्मिती ठप्प होते. यूपीसी2 हे प्रथिन एर्गोस्टेरॉलला थेट बांधून राहते. तो कमी पडला की ते केंद्रकात शिरते आणि स्टेरॉल बनवण्याची व बाहेरून आत घेण्याची जनुके, तसेच डॅन आणि टिर कुळातील पेशीभित्तिकेच्या प्रथिनांची जनुके चालू करते.

तिसरा पदार्थ म्हणजे असंपृक्त मेदाम्ले, आणि नेमक्या याच ठिकाणी थंडीची वाट येऊन मिळते. हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीत गोठते, पण करडईचे तेल पातळच राहते. फरक मेदाम्लांच्या संपृक्ततेचा असतो, आणि पेशीपटलाचेही तसेच आहे. थंडीत पटल ताठर होते, ते पुन्हा प्रवाही करण्यासाठी असंपृक्त मेदाम्ले जास्त लागतात आणि ती बनवणारे यीस्टमधील एकमेव डेल्टा-9 डिसॅच्युरेज ओले1 या जनुकातून येते. या एन्झाइमला ऑक्सिजन लागतो. म्हणजे थंडीत त्याची मागणी वाढते आणि हवा तुटली की त्याचे कामच थांबते. एमजीए2 हे प्रथिन आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलात रोवलेले असते आणि पटलातील मेदाम्लांची घडण किती घट्ट आहे हे ओळखते. पटल घट्ट झाले की प्रोटिएसोम (पेशीतील प्रथिने कापणारे यंत्र) त्याचा एक तुकडा कापून मोकळा करतो आणि तो तुकडा केंद्रकात जाऊन ओले1 चालू करतो. पटल थंडीने घट्ट झाले की ऑक्सिजनअभावी, याच्याशी एमजीए2 ला फारसे देणेघेणे नसते.

यातून प्रयोगासाठी एक व्यवहार्य निष्कर्ष निघतो: ओले1 किंवा टिर1 वाढले, म्हणजे अधिक चालू झाले, एवढ्यावरून थंडी की ऑक्सिजनचा अभाव हे सांगता येत नाही, कारण दोन्ही परिस्थितींत ती वाढतात. टिर1, टिर2, टिर4 आणि टिप1 यांच्यापैकी काही तर प्रथम थंडीच्या आघाताच्या संदर्भातच नोंदवली गेली, आणि पुढे 2001 साली टिर1, टिर3 व टिर4 यांच्याविना विनाऑक्सिजन वाढ होत नाही असे दाखवले गेले. ऑक्सिजनच्या अभावाची खूण म्हणून डॅन1, एएनबी1 आणि हेम13 घ्यावीत. थंडीची खूण म्हणून केंद्रिकेतील एनएसआर1 घ्यावे. एचएसपी12 थंडीत वाढते हे खरे, पण ते उपासमारीपासून क्षारांपर्यंत जवळपास प्रत्येक ताणात वाढते, म्हणून त्याच्या एकट्याच्या साक्षीवर विसंबू नये.

चार फ्लास्क

मांडणी दोन गुणिले दोन अशी असावी: 28 अंश हवेसह, 28 अंश हवेविना, 12 अंश हवेसह, 12 अंश हवेविना. फ्रिजचे 4 अंश वापरू नयेत. त्या तापमानाला प्रयोगशाळेतील यीस्टची वाढ जवळजवळ थांबते, आणि मग आपण थंडीतील वाढ मोजत नसून थंडीतील टिकाव मोजत असतो. गोठणबिंदूजवळ पेशी ट्रेहॅलोज साठवू लागतात तो प्रतिसादच निराळा आहे. बहुतेक महाविद्यालयांत असलेला बीओडी इन्क्युबेटर (कमी तापमानही राखणारी पेटी) 10 ते 12 अंशांवर नीट स्थिर राहतो. मात्र एप्रिल-मे महिन्यांत वीज गेल्यावर आपल्याकडे त्याच्या आतले तापमान लवकर चढते, म्हणून कमाल-किमान तापमापी आत कायम ठेवावा आणि शक्य असेल तर हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीत घ्यावा.

वाणाची निवड वाटते तेवढी बिनमहत्त्वाची नाही. बेकरीचे कोरडे यीस्ट प्राथमिक सरावाला चालते, पण जनुकांच्या मोजणीसाठी वंशावळ माहीत असलेला वाण घ्यावा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील एनसीआयएम संग्रहातून किंवा चंदीगडच्या एमटीसीसीतून यीस्टचे वाण रीतसर मागवता येतात. डब्ल्यू303 सारखा ट्रिप्टोफॅन स्वतः बनवू न शकणारा वाण थंडीच्या प्रयोगाला घेऊ नये. ट्रिप्टोफॅन आत आणणारे टॅट2 हे प्रथिन थंडीत नीट काम करत नाही आणि अशा वाणाची पेशी थंडीत प्रत्यक्षात ट्रिप्टोफॅनवाचून उपाशी राहते. आपल्याला मात्र तो थंडीचा प्रतिसाद वाटतो. बीवाय4741 मध्ये हे जनुक शाबूत आहे, म्हणून तो सोयीचा.

माध्यम वायपीडी: यीस्ट अर्क 1 टक्का, पेप्टोन 2 टक्के, ग्लुकोज 2 टक्के. हवेविना वाढणाऱ्या यीस्टला एर्गोस्टेरॉल आणि असंपृक्त मेदाम्ल बाहेरून द्यावे लागते, हे आंद्रेयासेन आणि स्टिअर यांनी 1953 आणि 1954 साली दाखवले, आणि आजही एका लिटरला एर्गोस्टेरॉल 10 मिलिग्रॅम व असंपृक्त मेदाम्ल पुरवणारे ट्वीन-80 हे 420 मिलिग्रॅम असे प्रमाण सर्रास वापरले जाते. एर्गोस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. ते ट्वीन-80 आणि शुद्ध इथेनॉलच्या मिश्रणात, उघड्या ज्योतीपासून दूर, गरम पाण्याच्या पात्रात ठेवून विरघळवावे. येथे एक काळजी घेतली नाही तर सगळी मांडणी कोसळते: ही पूरके चारही फ्लास्कमध्ये सारख्या प्रमाणात घालावीत. ट्वीन-80 मधील ओलेइक आम्ल मिळाले की पेशी ओले1 आपणहून कमी करते. ते फक्त हवेविना फ्लास्कमध्ये घातले, तर ओले1 खाली आलेले दिसेल आणि त्याचे खापर विनाकारण ऑक्सिजनवर फुटेल.

हवा खरोखर गेली आहे का

मेणबत्ती लावलेली बरणी या कामाची नाही. आत बराच ऑक्सिजन शिल्लक असतानाच मेणबत्ती विझते. यीस्ट स्वतः सोडत असलेल्या कार्बन डायऑक्साइडवर विसंबणे थोडे बरे, पण पुरेसे नाही. उत्तम मार्ग म्हणजे उच्च शुद्धतेच्या नायट्रोजनचा प्रवाह माध्यमातून सोडणे आणि बाहेर जाणाऱ्या नळीला पाण्याचा अडसर देणे. नळी सिलिकॉनची घेऊ नये, कारण सिलिकॉनमधून ऑक्सिजन सहज झिरपतो. जाड ब्यूटिल रबर किंवा तत्सम कमी झिरपणारी नळी घ्यावी. माध्यमात लिटरला सुमारे 1 मिलिग्रॅम रेझाझुरिन घातल्यास गुलाबी रंग नाहीसा होणे ही ऑक्सिजन गेल्याची दृश्य खूण मिळते. प्लेटसाठी गॅसपॅक (ऑक्सिजन नाहीसा करणारी पुडी) असलेला विनाऑक्सिजन जार चालतो.

हवेच्या फ्लास्ककडेही तितकेच लक्ष द्यावे. ऑक्सिजन थंड पाण्यात अधिक विरघळतो: हवेशी समतोल साधलेल्या शुद्ध पाण्यात 30 अंशांना लिटरला सुमारे 7.5 मिलिग्रॅम, तर 10 अंशांना सुमारे 11.3 मिलिग्रॅम. शिवाय थंडीत पेशी ऑक्सिजन हळू वापरतात. उलट 28 अंशांना दाट वाढलेला, न हलवलेला फ्लास्क नावाला हवेसह असतो, आत मात्र तो ऑक्सिजनसाठी उपाशीच असतो. म्हणून हवेसह असलेले दोन्ही फ्लास्क सारख्याच वेगाने हलवावेत, फ्लास्कच्या क्षमतेच्या पाचव्या भागाहून अधिक माध्यम भरू नये आणि पेशींची दाटी कमी असतानाच, साधारण 600 नॅनोमीटरला 0.5 ते 0.8 शोषकता असताना, नमुने घ्यावेत. हवेविना फ्लास्कही तेवढ्याच वेगाने हलवावेत, म्हणजे हलवण्याचा फरक उरत नाही.

क्रम आणि वेळ

आधी थंडी द्यावी की आधी हवा काढावी? माझ्या मते आधी हवा काढावी, आणि त्यामागे कारण आहे. हवा तुटली तरी पेशीत आधीपासून असलेला हीम आणि एर्गोस्टेरॉल लगेच नाहीसे होत नाहीत. पेशी विभागत जाते तसतसे ते लेकींमध्ये वाटले जाऊन विरळ होतात. डॅन1 च्या मूळ इंग्रजी नावातच विलंबाने येणारा विनाऑक्सिजन प्रतिसाद असा अर्थ आहे, तो उगाच नव्हे. वायपीडीमध्ये 30 अंशांना पेशी साधारण दीड तासात दुप्पट होतात, तर 10-12 अंशांना त्याला अनेक तास लागतात. त्यामुळे आधी थंड करून मग हवा काढली, तर हे विरळ होणेच रेंगाळणार आणि दोन दिवसांनंतरही ऑक्सिजनचा प्रतिसाद अर्धवट दिसण्याची शक्यता राहते. 28 अंशांना हवेविना चार-पाच पिढ्या वाढू द्याव्यात, मग त्याच फ्लास्कचे दोन भाग करून एक 12 अंशांना न्यावा. हे विभाजन नायट्रोजनच्या प्रवाहाखालीच व्हायला हवे.

थंडीचा प्रतिसादही एका क्षणात संपत नाही. पहिल्या दोनेक तासांत आरएनएवर प्रक्रिया करणारी आणि रायबोसोम घडवण्याशी संबंधित जनुके पुढे येतात. सुमारे बारा तासांनंतर एमएसएन2 व एमएसएन4 या नियंत्रक प्रथिनांच्या ताब्यातील सामान्य ताण-प्रतिसादाची जनुके उठून दिसतात. म्हणून 0, 2, 12 आणि 60 तास असे नमुने घ्यावेत, आणि प्रत्येक वेळी पेशींची दाटीही नोंदवावी, म्हणजे नंतर तासांऐवजी पिढ्यांच्या हिशोबानेही तुलना करता येईल.

हा मुद्दा येथे थोडा ताणून मांडणे आवश्यक आहे, कारण या क्षेत्रातील बराच गोंधळ त्यातून उद्भवला आहे. थंडीत वाढ मंदावते, आणि वाढ मंदावली की पुष्कळ जनुके केवळ त्या कारणाने बदलतात. नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या संशोधकांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या कामात 12 आणि 30 अंशांच्या संवर्धनांतील वाढीचा वेग केमोस्टॅटमध्ये (ताजे माध्यम ठरलेल्या वेगाने सतत पुरवणाऱ्या संवर्धनपात्रात) मुद्दाम सारखा ठेवला, तेही हवेविना. तेव्हा थंडीच्या आघातात दिसणारा सामान्य ताण-प्रतिसाद आणि ट्रेहॅलोजचा साठा, दोन्ही दिसले नाहीत. आपल्याकडे केमोस्टॅट नसेल, तर 28 अंशांचा एक पाचवा फ्लास्क असा ठेवावा की ज्यात वाढ आहाराने मंदावलेली आहे, उदाहरणार्थ ग्लुकोजऐवजी रॅफिनोज ही हळू वापरली जाणारी साखर देऊन. ही तुलना सदोष आहे, कारण ग्लुकोजचे दमन सुटल्याने श्वसनाची जनुकेही वर येतात. तरीही जे जनुक थंडीतही वाढले आणि या मंद फ्लास्कमध्येही वाढले, त्याला थंडीचे जनुक म्हणताना हात आखडता घ्यावा, एवढे तिच्यातून नक्की कळते.

नमुना घेताना

सवयीने आपण नमुना बर्फात ठेवतो आणि मग सेंट्रिफ्यूज करतो. 28 अंशांच्या पेशींना तो थंडीचा आघातच असतो, आणि हवेविना वाढलेल्या पेशींना त्याच वेळी हवाही लागते. म्हणून पेशी काही सेकंदांत गाळणपटलावर घेऊन पटलासकट द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकाव्यात, किंवा उणे 40 अंशांच्या 60 टक्के मेथॅनॉलमध्ये थेट ओताव्यात. द्रवरूप नायट्रोजन आपल्याकडे वाटते तितका दुर्मीळ नाही. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो गावोगाव पोहोचतो, आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा दूध संघात विनंती केल्यास पुरवठादाराचा पत्ता मिळू शकतो. तो हवा खेळती असलेल्या खोलीतच हाताळावा आणि भांड्याचे झाकण कधीही घट्ट लावू नये.

आरएनए गरम आम्लधर्मी फिनॉलने किंवा काचेच्या मण्यांनी पेशी फोडून काढावा. आरटी-क्यूपीसीआरमध्ये, म्हणजे आरएनएवरून जनुक किती चालू आहे हे मोजण्याच्या पद्धतीत, संदर्भ-जनुक म्हणून केवळ एसीटी1 घेण्याचा प्रघात येथे सोडावा. परिस्थिती एवढी बदलत असताना ते स्थिर राहील याची खात्री नसते. एएलजी9, टीएएफ10 आणि यूबीसी6 यांपैकी किमान दोन घ्यावीत. प्रत्येक परिस्थितीसाठी तीन स्वतंत्र वसाहतींतून सुरू केलेली तीन संवर्धने हवीत. एकाच फ्लास्कमधून भरलेल्या तीन नळ्यांनी फक्त पिपेटचा अचूकपणा सिद्ध होतो.

आकडे वाचताना

क्यूपीसीआरमध्ये एका आवर्तनाचा फरक म्हणजे साधारण दुप्पट, म्हणून तुलना आवर्तनांतच, म्हणजे लॉगच्या मापात करावी. समजा, एखादे जनुक केवळ थंडीने 2 आवर्तनांनी आणि केवळ हवेच्या अभावाने 3 आवर्तनांनी वाढले. दोन्ही कारणे स्वतंत्रपणे काम करत असतील, तर एकत्रित परिस्थितीत 5 आवर्तने, म्हणजे 32 पट वाढ अपेक्षित आहे. प्रत्यक्षात 3 च मिळाली, तर दोन्ही संकेत एकाच मार्गाने येत असावेत, किंवा ते जनुक आधीच पूर्ण क्षमतेने चालू झाले असावे. 7 मिळाली, तर दोन्ही मिळून काही वेगळे घडते आहे. ओले1 आणि टिर1 बाबत एकत्रित परिस्थितीतला हा आकडाच खरा प्रकल्प आहे. डॅन1 मात्र 12 अंशांना हवेसह असलेल्या फ्लास्कमध्ये वाढलेले दिसले, तर नव्या शोधाचा आनंद मानण्याआधी त्या फ्लास्कचे हलवणे मध्येच बंद पडले नव्हते ना, हे पाहावे.

क्यूपीसीआर यंत्र नसेल तर

दोन गोष्टी तरीही चांगल्या करता येतात. पहिली संगणकावर. सॅकरोमायसिस जीनोम डेटाबेस सर्वांना खुला आहे. यीस्टचा संपूर्ण जीनोम 1996 साली वाचून झाला आणि त्यातील सुमारे सहा हजार जनुकांच्या पुढील भागाचा क्रम तेथून उतरवता येतो. टिर1, डॅन1, ओले1, हेम13 यांच्या आधीचे हजार अक्षरांचे पट्टे घ्यावेत आणि त्यांत यूपीसी2 चे टी-सी-जी-टी-ए-टी-ए व रॉक्स1 चा गाभा असलेले ए-टी-टी-जी-टी हे क्रम दोन्ही धाग्यांवर शोधावेत. सापडले म्हणून लगेच हुरळून जाऊ नये. पाच अक्षरांचा कोणताही क्रम योगायोगानेच सरासरी 1024 अक्षरांत एकदा येतो, दोन धागे धरले तर हजार अक्षरांत जवळपास दोनदा. सात अक्षरांचा मात्र एका धाग्यावर 16,384 अक्षरांत एकदा. म्हणून तोच शोध यादृच्छिकपणे निवडलेल्या पन्नासेक जनुकांवरही करावा आणि फरक त्यांच्याशी तुलनेत सांगावा.

दुसरी गोष्ट प्लेटवर. बीवाय4741 मध्ये एकेक जनुक काढून तयार केलेल्या वाणांच्या संग्रहातून यूपीसी2, एमजीए2 आणि टिर1 यांपैकी एकेक जनुक नसलेले वाण मिळवावेत, मूळ वाणासोबत त्यांचे दहा-दहा पटींनी विरल केलेले थेंब चार प्लेटवर ठेवावेत आणि चार परिस्थितींत वाढू द्यावेत. 28 अंशांना दोन-तीन दिवस पुरतात, 12 अंशांना आठवडा ते दोन आठवडे लागतात. प्लेट वाळू नये म्हणून ओलसर डब्यात ठेवावी. यूपीसी2 नसलेला वाण हवेविना खुंटावा, कारण पूरक म्हणून दिलेले एर्गोस्टेरॉल आत घेणारी जनुकेच त्याच्यात चालू होत नाहीत. एमजीए2 च्या वाणाबाबत ट्वीन-80 असलेली आणि नसलेली अशा दोन प्लेटची जोडी ठेवावी. त्याच्याच नात्यातील एसपीटी23 थोडेफार काम सांभाळत असल्याने हा वाण जगतो. दोन्ही काढली तर पेशीला असंपृक्त मेदाम्ल बाहेरून दिल्याशिवाय ती वाढत नाही. थंड, हवेसह प्लेटवर ट्वीन-80 नसताना एमजीए2 चा थेंब मूळ वाणापेक्षा फिका आणि ट्वीन-80 असताना त्याच्या बरोबरीचा दिसला, तर थंडीतील अडचण पटलातील मेदाम्लांचीच होती, असे क्यूपीसीआरशिवायही म्हणता येते. दोन्ही प्लेटवर तो सारखाच फिका असेल, तर कारण दुसरीकडे शोधावे, आणि सर्वांत आधी त्या माध्यमात ट्वीन-80 नीट मिसळले होते का ते तपासावे.